बाकावर एक

'लेगाहो' या वेबसाइटवर एखादा निकाल उघडला, की त्या खटल्यात हरलेला पक्षकार साधारण चाळीस मिनिटांत वाचणाऱ्याच्या घरी येतो. फिलिपिन्समध्ये कायदा शिकणाऱ्या मुलांना हे पहिल्याच वर्षी, ग्रंथालयाचं कार्ड देताना सांगतात. जिंकलेला पक्षकार येत नाही. त्याला यायचं काही कारण नसतं.

वेबसाइट फुकट आहे आणि तिच्यावर शंभरेक वर्षांचे निकाल आहेत. निकाल वाचायचा, दीडशे शब्दांत त्याचा गोषवारा लिहायचा, आलेल्या पक्षकाराला तो वाचून दाखवायचा आणि खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. सही झाली की पक्षकार उठून जातो आणि पुढचा निकाल उघडता येतो. आलेल्यांपैकी बरेचजण कधीच वारलेले असतात, पण त्यामुळे त्यांना यायला उशीर होत नाही. अभ्यासासाठी इतर वेबसाइटी आहेत. कुठे तयार टिपा मिळतात, कुठे प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकता येतात, कुठे जुन्या प्रश्नपत्रिका असतात. पण समोर बसलेल्या माणसाला वाचून दाखवलेला निकाल विसरायला होत नाही, म्हणून परीक्षा जवळ आली की सगळे लेगाहोकडे वळतात.

इलोइलो शहरात मानांग पुरिंग नावाच्या बाई कायद्याच्या विद्यार्थिनींना खोल्या भाड्याने देत. मानांग म्हणजे थोरली बहीण. तिकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात. त्यांनी जिन्याखाली एक पाटी लावली होती. एका मुलीकडे एका वेळी एकच पक्षकार. फौजदारी निकाल घरात उघडू नयेत, कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन उघडावेत. कंपनी हरली असेल तर तिचा वकील येतो, त्याने बूट बाहेर काढावेत. सरकार हरलं असेल तर जो कारकून येईल त्याला जेवणाचं विचारू नये, कारण तो हो म्हणतो.

या घरात वरच्या मजल्यावर एस्तेला मागबानुआ राहत होती. वय एकोणतीस. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून ती वकिलीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. पास व्हायला पंचाहत्तर टक्के लागतात. पहिल्या खेपेला तिला साडेत्र्याहत्तर मिळाले होते. दीड टक्क्याने काय होतं, हे तिला आईला नीट समजावून सांगता आलं नव्हतं. आई म्हणाली होती, "म्हणजे जवळजवळ वकील झालीस." त्यानंतर वर्षभर एस्तेला फारसं कुणाशी बोलली नाही.

ऑगस्ट लागला तेव्हा परीक्षेला सहा आठवडे होते आणि एकशे बारा निकाल राहिले होते. त्या सकाळी तिने अपिलाच्या मुदतीवरचा एक जुना निकाल उघडला. एकोणीसशे अठ्ठावन्नचा, जेमतेम दीड पानाचा. गिमारास बेटावरच्या एन्ग्रासिया सालवान नावाच्या बाईची जमीन दाव्यात गेली होती. अपील करायला त्या काळी तीस दिवस मिळत. तिने ते एकतिसाव्या दिवशी दाखल केलं. न्यायालयाने लिहिलं होतं, 'अर्जदार आपल्या हक्काबाबत झोपून राहिली. अपील फेटाळण्यात येत आहे.'

एस्तेलाने वीस मिनिटांत गोषवारा लिहून ठेवला. मुदतीचे निकाल सोपे असतात. उरलेल्या वेळात तिने खुर्ची पुसली.

बाई चाळिसाव्या मिनिटाला आल्या. साठीच्या असाव्यात. हातात कापडी पिशवी आणि छत्री. पायातल्या चपला त्यांनी न सांगता दाराशी काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेला बसल्या.

"खुर्चीवर बसा ना, लोला," एस्तेला म्हणाली. लोला म्हणजे आजी.

"खुर्ची तुला लागेल लिहायला. वाच, दाय." पोरीबाळींना तिकडे दाय म्हणतात.

एस्तेलाने वाचून दाखवलं. बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

"तारखा बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "जमिनीचं वर्णन बरोबर आहे. वादीचं नाव बरोबर आहे."

"मग इथे अंगठा."

"नाही. मी झोपले नव्हते."

एस्तेलाला वाटलं, त्यांना शब्द कळला नाही. तिने समजावलं की ही कायद्याची भाषा आहे. आपला हक्क मागायला उशीर केला, एवढाच त्याचा अर्थ.

"अर्थ मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "बऱ्याच मुलांनी सांगितला. पण मी झोपले नव्हते."

"निकालात तसं लिहिलंय, लोला. मी निकालातलंच लिहू शकते."

"बरोबर आहे. तू निकालातलंच लिही. मी अंगठा देणार नाही."

हे त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं. मग पिशवीतून एक जुना टॉवेल काढून गुडघ्यावर पसरला आणि त्या वाट बघत बसल्या. कशाची ते एस्तेलाला कळेना. दुपारपर्यंत तिने गोषवारा चार वेळा बदलला. 'झोपून राहिली'च्या जागी 'दक्षता घेतली नाही' घातलं, मग 'विलंब केला' घातलं. शेवटी तिने ते वाक्यच गाळलं, तेव्हा वेबसाइटने लाल अक्षरांत कळवलं की निकालाचं कारण राहून गेलं आहे.

तिने मदत केंद्राला फोन लावला. देलिला नावाच्या बाईंनी घेतला.

"पक्षकार घरात आहे का?"

"आहे. पण सही करत नाही."

"तुमच्याकडे तीन मार्ग आहेत. एक, पक्षकाराचं समाधान करणं. दोन, प्रकरण दुसऱ्या वाचकाकडे वर्ग करणं. तीन, या वर्षीपुरतं खातं बंद करणं."

"समाधान कसं करायचं?"

"ते आमच्याकडे लिहिलेलं नाही. आम्हाला फक्त झालं की नाही तेवढं कळतं." कळफलकाचा आवाज आला. "वर्ग करणं सोपं पडेल. एक फॉर्म आहे. हे प्रकरण याआधी अकरा वेळा वर्ग झालंय."

"अकरा वाचकांनी सोडलं?"

"सोडलं असं आम्ही म्हणत नाही. वर्ग झालं."

लोला एन्ग्रासिया राहिल्या. एका वेळी एकच पक्षकार हा मानांग पुरिंगचा नियम होता, आणि वेबसाइटही दुसरा निकाल उघडू देत नव्हती, त्यामुळे एस्तेलाचा अभ्यास तिथेच अडला. ती वर्गातल्या जुन्या वह्या चाळत बसे, पण मन लागत नसे. लोला पहाटे उठून स्वयंपाकघरात जात. मानांग पुरिंगना आधी ते पटलं नाही. पक्षकाराने घरातली कामं करावीत की नाही यावर पाटीत काहीच म्हटलेलं नव्हतं. पण लोला लसूण इतका भराभर आणि बारीक चिरत, की तिसऱ्या दिवसापासून मानांग पुरिंग त्यांच्यासाठी लसूण काढून ठेवू लागल्या.

आठव्या दिवशी एस्तेलाने वर्ग करण्याचा फॉर्म उघडला. तिने आपलं नाव, खात्याचा क्रमांक आणि प्रकरणाचा क्रमांक भरला. कारणाच्या रकान्यात चार पर्याय होते. त्यातला एकही न निवडता, पान तसंच उघडं ठेवून ती चहा प्यायला खाली गेली.

वर आली तेव्हा लोलांची पिशवी भरलेली होती. टॉवेल घडी करून वर ठेवलेला. छत्री पिशवीला बांधलेली.

"कुठे निघालात?"

"अजून कुठे नाही. तू सांगशील तिथे," लोला म्हणाल्या. "मला ते पान ओळखू येतं, दाय. वाचता येत नाही, पण निळ्या पट्टीवरून ओळखू येतं. मागच्या खेपेला दावाओला पाठवलं होतं. त्याआधी बागियोला. तिथे फार थंडी. मुलगा चांगला होता, त्याने मोजे दिले."

एस्तेला पलंगावर त्यांच्या शेजारी बसली. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्या इतक्या जवळ बसली होती.

"लोला, उशीर का झाला होता?"

लोलांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"तिसावा दिवस सोमवार होता," त्या म्हणाल्या. "वकिलाने कागद करून दिला होता. म्हणाला, चारच्या आत खिडकीवर द्यायचा. मी डोंगरातून पहाटे तीनला निघाले. सान तिबुर्सियोच्या न्यायालयात पोचले तेव्हा खिडकीसमोर बाकावर माणसं बसलेली. एकेकाचं काम चालू. माझा नंबर पावणेचारला आला. माझ्या मागे एक बाई होती. तिच्या नवऱ्याला पकडून ठेवलेलं. जामिनाचा कागद त्या दिवशी गेला नसता तर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळच्या होडीने मोठ्या तुरुंगात नेणार होते. मला पुढे जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. पण हातातल्या कागदाची घडी ती सारखी उलगडत होती, परत घालत होती. मी म्हटलं, तू जा पुढे."

"आणि चार वाजले."

"जामिनाला वेळ लागतो. शिक्के फार असतात. चार वाजले, कारकुनाने खिडकी लावली. म्हणाला, बाई, उद्या आठला या. वाईट नव्हता तो. त्याला तसं सांगितलेलं होतं. मी रात्रभर त्याच बाकावर बसून होते. आठला पहिला कागद माझा."

"हे तुम्ही न्यायालयाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही. मला बोलावलंच नव्हतं. कागदावरची तारीख बघितली आणि लिहिलं. जमीन गेली ती गेली, दाय. उशीर झाला होता, ते मला मान्य आहे. मग मी लोकांच्या आंब्यांच्या बागांत काम केलं. मुलं मोठी झाली. पण साठ वर्षांच्या वर झाली, देशभरची मुलं वहीत लिहून घेतात की मी झोपले होते."

एस्तेलाने फॉर्म बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा मदत केंद्राला फोन केला आणि विचारलं की पक्षकार त्या दिवशी न्यायालयात हजर होती, एवढं वाक्य गोषवाऱ्यात घालता येईल का.

"ते न्यायालयाच्या दप्तरात आहे का?" देलिलाबाईंनी विचारलं.

"नाही."

"दप्तरात नसलेलं घालता येत नाही. घातलंत तर खातं बंद होतं."

"आणि दप्तरात असेल तर?"

पुन्हा कळफलकाचा आवाज आला. "असेल तर घालावंच लागेल," त्या म्हणाल्या.

परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. मानांग पुरिंग म्हणाल्या की आत्ता बेटावरच्या न्यायालयात जाणं हा वेडेपणा आहे, आणि केळीच्या पानात बांधून भात दिला. एस्तेला आणि लोला बंदरावर गेल्या, होडीने बेटावर उतरल्या आणि तिथून जीपने सान तिबुर्सियोला पोचल्या. वाटेत लोला बाहेर बघत होत्या. कुठे डोंगर कापून रस्ता केलाय, कुठली बाग तोडलीय, ते सांगत होत्या. त्यांच्या जमिनीवरून गेल्या तेव्हा मात्र गप्प होत्या. ती त्यांची जमीन होती हे एस्तेलाला त्यांच्या गप्प बसण्यावरूनच कळलं.

न्यायालयाची इमारत नवी होती, बाक मात्र जुना होता. खिडकीमागे आर्सेनियो पाल्मा नावाचे कारकून बसले होते. एस्तेलाने तीन ओळींचा अर्ज पुढे केला. चौदा एप्रिल एकोणीसशे अठ्ठावन्न रोजी अर्जदार या न्यायालयात हजर होती, अशी नोंद व्हावी.

पाल्मांनी अर्ज दोनदा वाचला.

"उशिरा आलात," ते म्हणाले.

"या अर्जाला मुदत किती असते?"

पाल्मांनी मागच्या कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट फिरवत शोधलं. "मुदत दिलेली नाही," ते म्हणाले. "असा अर्ज आजवर कुणी केला नसावा. म्हणजे तुम्ही मुदतीत आहात. अर्जदार हजर आहे?"

"हजर आहे," लोला म्हणाल्या.

"ओळखीचा पुरावा?"

लोलांनी पिशवीतून घडी पडलेली सेदुला काढली. त्या काळी रहिवाशांना मिळत असलेला दाखला. पाल्मांनी तो उजेडात धरला.

"हा अठ्ठावन्नच्या डिसेंबरला संपलाय."

"हो."

"पण यावर अंगठा आहे." त्यांनी शाईची डबी पुढे सरकवली. लोलांनी कोऱ्या कागदावर अंगठा उठवला. पाल्मांनी भिंग लावून दोन्ही ठसे शेजारी शेजारी पाहिले. त्यात पाच-सहा मिनिटं गेली. मागे तीन माणसं खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही. "अंगठ्याची मुदत संपत नाही," ते म्हणाले. "पण हजर असल्याचा आधार लागेल. मी नुसतं तुमच्या शब्दावर लिहू शकत नाही, आजी. वाईट वाटून घेऊ नका."

"तेव्हाचे कारकून रोज काही लिहून ठेवत होते का?" एस्तेलाने विचारलं.

"दिनपुस्तक असायचं. वरच्या खोलीत आहेत. वाळवी लागलीय."

ते वर गेले. परत यायला त्यांना अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात एस्तेलाच्या लक्षात आलं की आपण आज एकही ओळ वाचलेली नाही आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाहीये. लोला बाकावर ताठ बसल्या होत्या, पिशवी मांडीवर धरून.

पाल्मांनी पुस्तक दोन्ही हातांवर तोलून आणलं. जानेवारी आणि फेब्रुवारी नव्हतेच. मार्चची पानं चाळणीसारखी झाली होती. एप्रिलच्या कडा गेल्या होत्या, अक्षरं शिल्लक होती. त्यांनी चौदा तारीख काढली आणि खणखणीत आवाजात वाचली, कारण दप्तर मोठ्याने वाचायचा नियम आहे.

"आज एकंदर बावीस कामं. शेवटचं काम, जामीन. चार वाजता खिडकी बंद. बाकावर एक."

पुढे काही नव्हतं. पुढची ओळ पंधरा तारखेची होती. सकाळी आठ, एक अपील.

पाल्मांनी चष्मा काढला आणि पुसून परत लावला. "बाकावर एक," ते पुन्हा म्हणाले. "नाव लिहिलेलं नाही."

"त्यांनी विचारलं नव्हतं," लोला म्हणाल्या. "त्यांना घरी जायचं होतं."

पाल्मांनी लाल शाईचं पेन घेतलं. 'एक' या शब्दानंतर बाण काढला आणि समासात, वाळवीने सोडलेल्या जागेत, सावकाश लिहिलं. एन्ग्रासिया सालवान. खाली आजची तारीख, सही आणि शिक्का. मग पानाची नक्कल काढून तीही शिक्का मारून एस्तेलाच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

एस्तेलाने तिथेच बाकावर बसून फोनवर गोषवारा पुरा केला, नक्कल जोडली आणि वाचून दाखवला. शेवट असा होता. 'न्यायालयाने म्हटलं, की अर्जदार झोपून राहिली. त्याच न्यायालयाच्या दिनपुस्तकात नोंद आहे, की तिसाव्या दिवशी खिडकी बंद झाली तेव्हा ती बाकावर होती. अपील फेटाळलं.'

"पुन्हा वाच," लोला म्हणाल्या.

एस्तेलाने पुन्हा वाचलं.

"परीक्षेत हे विचारतील का?"

"विचारू शकतात."

"मग काय लिहिशील?"

एस्तेलाला याचं उत्तर माहीत होतं आणि ते द्यायला जड गेलं. "मुदत संपल्यावर आलेलं अपील चालत नाही. एक दिवस उशीर झाला तरी. हल्ली तर पंधराच दिवस असतात."

"बरोबर आहे," लोला म्हणाल्या. "तेच लिही. नाहीतर नापास करतील." आणि त्यांनी फोनच्या काचेवर अंगठा टेकवला.

त्या बंदरापर्यंत आल्या नाहीत. त्यांचं गाव तिथून डोंगरात होतं आणि पायवाट माहितीची होती. एस्तेलाने केळीच्या पानातला भात त्यांच्या पिशवीत ठेवला. मोज्यांबद्दल बागियोच्या मुलाचे आभार मान, तो कधी भेटला तर, असं त्यांनी सांगितलं. त्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं.

परीक्षा सप्टेंबरात झाली. अपिलाच्या मुदतीवर प्रश्न आला नाही. एकशे बारांपैकी चौतीस निकाल एस्तेलाचे वाचायचे राहूनच गेले होते आणि त्यातले दोन विचारले गेले. तिला सव्वाशहात्तर टक्के मिळाले. यादीत नाव आहे हे मानांग पुरिंगनी तिच्याआधी पाहिलं, आणि त्यांनी त्या दिवशी घरात आलेल्या सरकारी कारकुनालाही जेवायला वाढलं.

वकिलीची शपथ घेतल्यावर एस्तेलाने लोला एन्ग्रासियांना चार ओळी लिहिल्या. पत्ता निकालाच्या पहिल्या पानावर होता. पत्र तिने रजिस्टर केलं. पोस्टातल्या मुलीने पत्ता जुन्या पद्धतीचा आहे, पोचेल की नाही सांगता येत नाही, असं म्हटलं आणि शिक्का मारला.

नवव्या दिवशी पोचपावती आली. पोस्टमनने पेन्सिलीने शेरा लिहिला होता. घर सापडलं. व्यक्ती हजर होती. हाती दिलं, वाचून दाखवलं.